माजघराच्या भिंतीतला चौकोन

जगूदादा,

चार वर्षं तुझ्याशी एक शब्द बोललो नाही, आणि आता बोलायला बसलोय तर तुला उलट उत्तर देता येत नाही. मला हे सोयीचं आहे. तू होतास तोवर माझं एक वाक्य कधी पुरं होऊ दिलं नाहीस. निम्म्यातच म्हणायचास, "मोरू, मुद्द्याचं बोल." आता ऐक. मुद्द्याचं असो नसो, ऐकावं लागेल.

परवा तुझं तेरावं झालं. वहिनी फार लवकर गेली, तुला मूलबाळ नाही, म्हणून अग्नी द्यायला मी. चुलतभाऊ असल्याची ही शिक्षा. दहा दिवस चटईवर झोपलो, अळणी जेवलो, दहाव्याला डोकं भादरून घेतलं. शेजारी ओट्यावर येऊन हळहळायचे, "एका छपराखाली वाढलात, अगदी सख्ख्या भावांसारखे." मी मान हलवायचो. सख्ख्या भावांसारखेच की. एकमेकांचं तोंड बघत नव्हतो.

या दिवसांत गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलायचं असतं म्हणे. बोलेन, सापडलं तर.

सहा महिन्यांनी मोठा होतास, तेवढ्यावर आयुष्यभर 'दादा' म्हणायला लावलंस. वाडीतल्या तळ्यात, बावखलात, मला पोहायला शिकवलंस असं तू सगळ्यांना सांगायचास. शिकवलं नाहीस. मागून ढकललंस. मी नाकातोंडात पाणी जाऊन तडफडत होतो आणि तू काठावरून ओरडत होतास, "पाय मार, गाढवा, पाय मार!" मी पाय मारले आणि वर आलो. त्या दिवसापासून तुझी समजूत झाली की माझं भलं कशात आहे ते तुला माझ्याआधी कळतं. ती समजूत शेवटपर्यंत गेली नाही.

आपलं घर तसं साधं. ओटा, पडवी, माजघर, वर लाकडी माडी, मागे केळी आणि पानवेली. पापडीत अशी घरं तेव्हा आळीआळीला होती. उजवी बाजू तुझी, डावी माझी, माजघर दोघांचं. आजोबांनी वाटणी केली तेव्हा माजघरात मधोमध भिंत घालायचं कुणाला सुचलं नाही, आणि तिथंच आपलं फाटलं.

तीस वर्षं तू मुंबईत एका कारखान्यात नकाशे काढलेस. रिटायर होऊन आलास तो हातात मोजपट्टी घेऊनच. मला वाटलं, वेळ जात नाही बिचाऱ्याचा. तू घर मोजलंस, कौलं मोजलीस, जिन्याच्या पायऱ्यांची उंची लिहून घेतलीस. मग एक दिवस मोठा कागद पसरलास, त्यावर आपलं घर, आणि माजघराच्या जागी लिहिलेलं 'कक्ष क्रमांक तीन'. सुमन हसली होती. मला म्हणाली, "आता भाऊजींना जेवायला बोलवायचं तर कितव्या कक्षात बोलवू?" तेव्हा मीही हसलो. आम्हाला काय माहीत, की तू घराचा अर्ज लिहितोयस.

अर्ज असा, की हे घर मराठ्यांनी वसई घेतली त्याच्याही आधीचं आहे, म्हणून सरकारनं ते संरक्षित वास्तू जाहीर करावं. मला विचारलं नाहीस. अर्ज गेल्यावर सांगितलंस, तेही एखादं बक्षीस आणल्यासारखं. "एकदा पाटी लागली ना मोरू, की कुणाच्या बापाला या घराला हात लावता येणार नाही."

"माझ्यासुद्धा?" मी विचारलं.

"तुझ्या तर मुळीच नाही," तू म्हणालास आणि हसलास. ते हसू मला अजून आठवतं, आणि अजून पाठीत कळ जाते.

तुझं म्हणणं अगदीच हवेतलं नव्हतं, हे मी तेव्हाही कबूल केलं असतं, तू विचारलं असतंस तर. वाड्या विकल्या जात होत्या. आपल्याच आळीतले दोघे-तिघे जमीन देऊन फुलपाड्याला ब्लॉकमध्ये राहायला गेले, आणि त्यांच्या विहिरी महिन्याभरात बुजल्या. पण मी विकणार आहे असं तुला कुणी सांगितलं? मला फक्त एक भिंत फोडायची होती. सुमनचे गुडघे गेले होते. संडास वाडीच्या टोकाला, बावखलाच्या पलीकडे. काठी घेऊन, केळीच्या ओळीतून, शेवाळलेल्या दगडांवरून तिला दिवसातून तीनदा जावं लागायचं. माजघराची मागची भिंत फोडून दार काढायचं आणि दाराबाहेर संडास नि मोरी बांधायची, एवढंच. इनास मिस्त्रीला सांगून झालं होतं. विटा येऊन पडल्या होत्या.

आणि पुरातत्त्व खात्याचं पत्र आलं. निर्णय होईपर्यंत सदर वास्तूत कोणताही फेरबदल करू नये.

इनासनं पत्र हातात घेतलं, त्यावरचा शिक्का बोटानं चाचपला. मग म्हणाला, "मोरूभाव, मी घरा बांधतो नि तोडतो. पन शिक्क्याचा कागद तोडायला मना येत नाय." विटांवर ताडपत्री घालून गेला. त्या विटांवर दोन पावसाळे शेवाळ चढलं.

तुझा पहारा तेव्हापासून सुरू झाला. सुमननं कॅलेंडरसाठी खिळा ठोकला तर तू तिच्यासमोर तो उपटलास. तिनं कॅलेंडर खिडकीच्या गजाला सुतळीनं बांधलं, वारा आला की महिना फडफडायचा. टीव्ही घेतला तर कौलांवर अँटेना लावू दिला नाहीस. आम्ही तो माडाला बांधला. माड डोलला की बातम्या देणारी बाई डावीकडे-उजवीकडे झुलायची, आणि तू तुझ्या बाजूच्या पडवीत बसून ते बघायचास, फुकट. सुमन भाकरी थापत असताना चुलीचा फोटो काढलास. तिला म्हणालास, "वहिनी, तुम्ही जरा बाजूला व्हा, चूल झाकली जातेय."

एवढं सगळं मी गिळलं. चौकोन मात्र गिळला गेला नाही.

माजघराच्या दाराशेजारची भिंत तू वीतभर तासलीस. दाढीचं ब्लेड, सुई आणि भिंग घेऊन स्टुलावर बसायचास. तिरकी तासलीस, म्हणजे चुन्याचे थर एकाखाली एक उघडे पडतील. अठरा दिवस मोजत होतास. मग जाहीर केलंस, दोनशे अठ्ठेचाळीस. वर्षाला एक थर, दिवाळीचा. म्हणजे घर वसईच्या लढाईच्या आधीचं.

जगूदादा, हे तू कुणाला सांगत होतास? मी याच घरात वाढलोय. दिवाळीचा चुना सगळ्यांकडेच लागतो. आपल्या घरात जन्म झाला की चुना, मरण झालं की चुना. बाळाची पाचवी झाली, मेल्याचं सुतक फिटलं, की दुसऱ्या दिवशी चांदीपहून चुनेवाली यायची. आधी काशीची आई, मग काशी. डोक्यावर भिजवलेल्या चुन्याचं घमेलं, काखेत घायपाताचा कुंचा. उंबऱ्यात उभी राहून एकच प्रश्न विचारायची, "आलं का गेलं?" आलं म्हटलं तर घमेल्यात चिमूटभर नीळ जास्त टाकायची. गेलं म्हटलं तर नीळ नाही, नुसता पांढरा. एवढ्या मोठ्या घरात, एवढ्या माणसांत, वर्षाला एक थर? तू काय परगावचा होतास?

मी तोंडावर म्हटलं, "तू खोटं बोलतोयस."

"माहीत आहे," तू म्हणालास. अगदी थंडपणे. "घर सव्वाशे वर्षांचं आहे. पणजोबांच्या नावाचा मोजणीचा कागद आहे माझ्याकडे, त्यात घराची खूण आहे. पण सव्वाशे वर्षांच्या घराला कोण विचारतो रे? दोनशेच्या वर गेलं तरच साहेब खुर्चीतून उठतो. घर जुनं आहे हे खरंच आहे. मी ते जरा जास्त खरं करतोय."

"आणि ही माणसं? त्यांच्या जन्म-मरणाला तू दिवाळ्या केल्यास?"

तेव्हा तू सुई उचललीस. भिंग माझ्या हातात दिलंस. "बघ," म्हणालास. "हा निळसर दिसतोय? आणि त्याच्यावर लगेच हा पांढरा, मध्ये धूळसुद्धा बसलेली नाही. हे दोन तुझे."

माझा पहिला मुलगा नऊ दिवस जगला. काशी त्या महिन्यात दोनदा आली होती. पहिल्यांदा विचारलं तेव्हा मी ओरडून सांगितलं होतं, आलं, आलं! दुसऱ्यांदा तिनं विचारलंच नाही. नीळ न टाकता आत आली.

सुईचं टोक तू त्याच्यावर ठेवलं होतंस. त्या दिवशी तुला मारलं असतं. खरंच सांगतो, स्टुलासकट खाली पाडलं असतं. माझ्या मुलाला तू पुराव्यात घेतलंस. त्याला एक दिवाळी केलंस आणि दुसरी दिवाळी केलंस, आणि अर्जाला जोडलंस. तुझं म्हणणं होतं की तू मला ते दाखवत होतास, कारण तू त्याला विसरला नव्हतास. म्हणालासही, "मला प्रत्येक थर माहीत आहे मोरू, म्हणून तर." म्हणून तर काय? ते वाक्य तू पुरं केलं नाहीस. मी भिंग जमिनीवर टाकून निघून गेलो, आणि ते वाक्य आता कायमचं अर्धं राहिलं. आयुष्यभर माझी वाक्यं तोडलीस आणि स्वतःचं हे एकच पुरं करायचं होतं, ते केलं नाहीस.

श्रावणात सुमन पडली. भर दुपारी, बावखलाच्या कडेला, त्याच दगडांवर. मी बाजारात होतो. तिची हाक पहिल्यांदा तुला ऐकू आली. तूच तिला उचलून आणलंस, मान्य. तुझ्या धोतराला चिखल होता. पण धोतर मळवून काय उपयोग? खुबा मोडला होता. मुंबईच्या इस्पितळात महिनाभर ठेवून त्यांनी घरी पाठवलं, पायाला वजन लावून. तिची खाट माजघरात टाकली, कारण दुसरीकडे दारातून खाट जाईना. दार मोठं करायची परवानगी नव्हती. खाटेवर पडल्या पडल्या तिला समोर दिसायचा तुझा चौकोन. भांडं मी द्यायचो, मी काढायचो. ज्या बाईनं आयुष्यात कधी माझ्यासमोर डोक्यावरचा पदर सरकू दिला नाही, ती भिंतीकडे तोंड करून रडायची, आणि भिंतीत तू कोरून ठेवलेले दोनशे अठ्ठेचाळीस थर.

त्यानंतर साहेब आले. दोन वर्षं ज्यांची वाट बघत होतास ते, नेमके तेव्हा आले.

तू इस्त्रीचा शर्ट घातला होतास. साहेब तरुण होता, सभ्य होता, घाम पुसत होता. सुमनला बघून म्हणाला, "नंतर येऊ का?" तीच म्हणाली, "नको, एकदा होऊन जाऊ दे." मग तो खाट आणि भिंत यांच्यामध्ये अंग चोरून उभा राहिला आणि तुझ्या भिंगातून बघू लागला.

"हे मधेमधे निळसर कसले?" त्यानं विचारलं.

"नीळ कधी जास्त पडायची," तू म्हणालास. "बायकांचं काम, साहेब."

मी पुढे झालो. "साहेब, ते निळे जन्माचे," मी म्हटलं. सगळं सांगितलं. आलं, गेलं, काशी, घमेलं, सगळं. साहेबानं भिंग खाली घेतलं आणि तुझ्याकडे बघितलं. तू चौकोनाकडे बघत होतास.

"मग घर किती जुनं?" त्यानं मला विचारलं.

इथवर मी खरं बोललो होतो, जगूदादा. इथं थांबलो असतो तर आज तुझ्यापुढे मान वर करून बसलो असतो. पण समोर खाट होती. सव्वाशे म्हटलं आणि साहेबाला तेवढंही पुरलं तर? पुन्हा पत्र, पुन्हा दोन वर्षं? मी म्हटलं, "आजोबांनी बांधलं. त्यांच्या लग्नानंतर. जेमतेम सत्तर वर्षं झाली असतील."

साहेबानं वर बघितलं. तुळईला ती लोखंडी कडी आहे ना, झिजून एका बाजूनं पातळ झालेली. "आणि ही?"

"ती अलीकडची. नातवंडांच्या पाळण्यासाठी मी बसवली."

आजोबांचा पाळणा त्या कडीला होता. तुझा, माझा, आणि नऊ दिवस माझ्या मुलाचासुद्धा. आजोबा जेवताना तिच्याकडे बोट दाखवून सांगायचे, मी तिथनं उतरलो ते इथं पानावर बसलो. तुला हे पाठ होतं. तुझ्या मांडीवरच्या फाईलमध्ये पणजोबांच्या नावाचा मोजणीचा कागद होता. नुसता काढून पुढे केला असतास तर मी साहेबासमोर खोटा पडलो असतो, आणि घराचं वय वाचलं असतं, निदान अर्धं.

मी वाट बघत होतो. दात आवळून वाट बघत होतो, की तू आता फाईल उघडशील, आणि मग मी तुला काय काय सुनावणार, ते सगळं जिभेवर तयार होतं. सुमननं डोळे मिटून घेतले होते. तिलाही माहीत होतं मी काय बोललो ते.

तू फाईलवर हात ठेवलास आणि तो तिथंच ठेवलास.

साहेबानं लिहून घेतलं, चहा घेतला, गेला. पुढं पत्र आलं की सदर घर संरक्षणास पात्र नाही. सरकारच्या कागदावर आपलं घर आता आजोबांपेक्षा लहान आहे. ते मी केलं. पण तू गप्प का बसलास? चार वर्षं हाच प्रश्न मला पोखरतोय, आणि याच रागात मी तुझ्याशी बोललो नाही. लोकांना वाटतं मी सुमनसाठी रागावलो होतो. सुमनसाठी रागावलो होतोच. पण तिचा राग तुझ्यावर काढता आला असता, तू भांडला असतास तर. तू मला खोटं बोलू दिलंस आणि वर क्षमा केल्यासारखा बसलास. मला नको होती ती. माझं खोटं तुझ्या खोट्याच्या अंगावर घालून बरोबरी करायची होती, तर तू अंग काढून घेतलंस. पुन्हा तूच मोठा, सहा महिन्यांनी.

पत्र आलं त्या दुपारी तू खडू घेऊन आलास. मागच्या भिंतीवर दाराची आखणी केलीस, ओळंबा लावून, एकदाही न पुसता. इनासला नाही, मला म्हणालास, "इथनं फोड. तुळईला हात लावू नकोस."

तुझं शेवटचं वाक्य. मी उत्तर दिलं नाही, आणि मग तूही बोलला नाहीस.

दार झालं. संडास झाला. सुमन आता चौकटीला धरून सात पावलांत जाते. तुझी आखणी सुताइतकी चुकली नव्हती. इनासनंसुद्धा म्हटलं, "भावान डोका लावून आखलाय." मी म्हटलं, काम कर.

चार वर्षं एकाच माजघरातून दोघं येत-जात होतो. समोरासमोर आलो की तू आधी बाजूला व्हायचास, कधी मी. सुमननं मात्र तुझं ताट कधी चुकवलं नाही. पहिल्या दिवशी मी विचारलं, "कशाला?" ती म्हणाली, "भांडण तुमचं, स्वयंपाक माझा." ताट तुझ्या दारात ठेवायची आणि तू घासून परत ठेवायचास, आमच्या भांड्यांपेक्षा लख्ख. त्याचाही मला राग यायचा.

शेवटच्या तीन दिवसांत तुझ्या छातीत दुखत होतं. डॉक्टर येऊन गेला. सुमन म्हणाली, "अहो, जा, बघून या." पहिल्या दिवशी गेलो नाही. दुसऱ्या दिवशी गेलो नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी गेलो. दारात उभा राहिलो. तू कुशीवर होतास, डोळे मिटलेले. झोपला होतास की मला बघून मिटून घेतलेस? मी हाक मारली नाही. थोडा वेळ उभा राहून परत आलो आणि सुमनला सांगितलं, झोपलाय. चार वाजता तू गेलास.

हे मला माफ होणार नाही. तुलाही होणार नाही, कारण डोळे उघडायला काय झालं होतं?

तेरावं व्हायच्या आधीच सफारी घातलेला एकजण ओट्यापाशी आला. तुझी बाजू आता माझ्याकडे आली, हे त्याला माझ्याआधी माहीत होतं. अख्खी वाडी, घर, एकदम विकत हवं होतं त्याला. मी म्हटलं, सुतक आहे. तो म्हणाला, हरकत नाही, फिटलं की येतो.

काल सकाळी काशीला बोलावलं. ती आता थकली आहे, घमेलं कमरेवर घेऊन आली. उंबऱ्यात उभी राहिली. तिला ठाऊक होतं, अख्ख्या तालुक्याला ठाऊक होतं, तरी तिनं विचारलं. रीत आहे.

"आलं का गेलं?"

मी आधी घमेलं तिच्या कमरेवरून उतरवून घेतलं. दहा दिवस लोकांपुढे हा शब्द सहज बोलत होतो. मग म्हटलं, "गेलं."

"कोन?"

"माझा दादा."

तिनं निळीची पुडी परत कमरेला खोचली. "पानी आना," म्हणाली, आणि कामाला लागली.

सुमन नव्या दाराच्या चौकटीत खुर्ची टाकून बसली होती, काशीला कोपरे दाखवत होती. अकराच्या सुमारास सफारीवाला आला. ओट्यावर चुन्याचे ठिपके बघून बूट जपत उभा राहिला. मला काही बोलावं लागलं नाही. काशीच कुंचा थांबवून म्हणाली, "इकायचं घर कोन रंगवतं, दादा? बाजूला व्हा, उडंल." तो हसला, पण गेला.

यावरून तू जिंकलास असं समजू नकोस. घर ठेवायचं की नाही, ते मी ठरवेन. तुझी फाईल माझ्या कपाटात आहे. मोजणीचा कागद त्यात आहे, घडीवर घडी जशी होती तशी. तो साहेबाला पाठवायचा, तर सोबत लिहावं लागेल की मी खोटं बोललो होतो. लिहायला बसलो होतो, खोटं कशाला सांगू. 'महोदय' एवढं लिहिलं आणि त्याच कागदावर खाली 'जगूदादा' लिहून हे सुरू केलं. साहेबाचं पत्र तेवढंच राहिलंय. ते पुरं होईल की नाही मला माहीत नाही, आणि झालंच तर ते तुझ्यासाठी नसेल. कडीसाठी असेल.

माजघर शेवटी घेतलं. तुझ्या चौकोनापाशी काशी थांबली. "ह्यो खड्डा भरू का? लांबी भरून सपाट करत्ये."

"नको," मी म्हटलं. "कुंचा दे."

तिनं दिला. मी पहिल्यांदाच कुंचा हातात धरला, आपल्या घरात हे काम पुरुषांनी कधी केलं नाही. चौकोनात एक हात मारला, वरून खाली. ओला चुना दिसत नाही हे मला कुठं माहीत होतं? खालचे सगळे थर उलट जास्त स्पष्ट झाले. निळे, पांढरे. माझ्या मुलाचे दोन्ही.

"आनखी एक हात द्या," काशी म्हणाली. "खालचं सगलं दिसतंय."

"एवढाच."

संध्याकाळपर्यंत तो वाळला आणि पांढरा झाला. मी तिथं उभा होतो. सुमन चौकटीला धरत सात पावलं टाकून माझ्याशेजारी आली, चौकोनाकडे बघितलं.

"एकच हात दिलात?"

"एकच. त्याचा."

"आणि त्यावरचा दुसरा?"

"तो माझ्या वेळचा," मी म्हटलं. "तोवर त्याला तिथं एकटं राहू दे."

ती वळली. स्वयंपाकघरात गेली आणि थोड्या वेळानं मला तीन ताटं मांडल्याचा आवाज आला. मग तिला आठवलं असावं. एक ताट फळीवर परत ठेवल्याचा आवाज आला.